अंतर दिलेली माणसं

पुण्याकडे कुणी विचित्र वागलं की ‘याला येरवड्याला टाका’ म्हणतात. मुंबईत त्याचं ‘ठाण्याला’ होतं, कोकणात ‘रत्नागिरीला’, आणि विदर्भात सरळ ‘पागलखान्यात’. मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या मराठवाड्याला स्वतःचं मनोरुग्णालय नव्हतं, पण टोमणा मात्र व्यवस्थित पोहोचला होता. सहावीत असताना तो मी शाळेच्या ओट्यावर ऐकला, माझ्या मोठ्या मामावरून. मामा तेव्हा खरोखरच तिकडे होता.

१९९४ साल. मामा सव्वीस वर्षांचा, आडत दुकानात मुनीम. आधी झोप गेली. मग देवळाच्या भोंग्यावरून आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला ऐकू येऊ लागलं. घरच्यांनी जे त्या काळी सगळे करत ते सगळं केलं: देवऋषी, उतारा, एका दर्ग्यावर सात गुरुवार. ‘बाहेरचं आहे’ यावर कुणाचंच दुमत नव्हतं. त्यात आठ महिने गेले. एका रात्री तो विहिरीकडे पळाला, तेव्हा आजोबांनी आणि दोन शेजाऱ्यांनी त्याला पकडून गोठ्यातल्या खांबाला बांधला. आजोबांचा त्याच्यावर जीव होता. त्यांना दुसरं काही सुचलं नाही आणि सुचवणारं कुणी नव्हतं. पुढे २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. ती बातमी वाचून आजोबा दोन दिवस जेवले नव्हते.

सिव्हिलला मामाला नेलं, तेव्हा तिथे मनोविकारांचा डॉक्टर नव्हता. मोठ्या मनोरुग्णालयात न्या म्हणाले. भाड्याची जीप केली, चौदा तासांचा प्रवास केला आणि मामाला सोडून आजोबा परत आले.

माझं सगळं म्हणणं आता येणाऱ्या तपशिलावर उभं आहे. मामाचे कागद पुढे माझ्या हाती आले. भरती झाल्यानंतर दीड महिन्याची नोंद आहे: आवाज येत नाहीत, झोप ठीक, जेवण ठीक, घरी जायचं म्हणतो. मामा घरी आला दोन वर्षं दोन महिन्यांनी. आजार उतरायला सहा आठवडे लागले. बाकीचा काळ तो आजारी म्हणून तिथे नव्हता, तो लांब होता म्हणून तिथे होता.

आजोबा दोनदा गेले. पहिल्यांदा भेट झाली. दुसऱ्यांदा तो भेटीचा वार नव्हता, म्हणून दारावरूनच परतले. ‘रुग्णास घेऊन जावे’ असं पत्र आलं ते ऐन पेरणीत. हातात पैसा नव्हता. पैशाचं कारण खरं होतं, पण ते एकटंच नव्हतं, हेही मला लिहिलं पाहिजे. तोवर मामी माहेरी निघून गेली होती, धाकट्या मामाचं लग्न ठरत होतं, आणि घराची घडी त्याच्यावाचून बसली होती. तो आला तर पुन्हा तेच होईल, ही भीती होती. ज्यांनी त्याला बरा झालेला पाहिलाच नव्हता त्यांच्या डोळ्यांसमोर गोठ्यातल्या खांबाचाच मामा होता. बरं होणं घडलं ते कुणी नात्यातलं जवळ नसताना. मग त्यावर विश्वास कसा बसावा?

मराठीत ‘अंतर देणे’ म्हणजे टाकून देणे. आईच्या तोंडी हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला आहे: ‘काही झालं तरी त्याला अंतर देणार नाही.’ एकाच शब्दात किलोमीटरही आहेत आणि सोडून देणंही आहे. आपल्याकडे मनोरुग्णांना घरच्यांनी टाकलं असं म्हणतात, तेव्हा माणसांच्या काळजाला दोष दिला जातो. मला वाटतं, पुष्कळ वेळा आधी किलोमीटर आलेले असतात आणि टाकणं त्यांच्या मागून येतं.

हे किलोमीटर आले कुठून? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, आणि चारही इंग्रजांच्या काळातली. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, येरवड्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. येरवडा २,५४० खाटा, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. मुंबई इलाख्याला तीन आणि मध्य प्रांताला एक, अशी ती वाटणी होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून त्याच्या वाट्याला काही आलं नाही. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, पण मनोरुग्णांसाठीचा नकाशा इंग्रजांनी आखला तोच राहिला. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. नांदेडच्या माणसाला पुणे त्याहूनही लांब. आता जालन्याला नवं मनोरुग्णालय मंजूर झालं आहे, ठाण्याचं जुनं बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर नव्याने बांधायचं ठरलं आहे. या बातम्यांनी मला आनंद व्हायला हवा, पण पूर्ण होत नाही. पाचवं मनोरुग्णालय आलं म्हणजे टोमण्यासाठी पाचवं गाव मिळेल आणि जालन्यापासून लांबच्या तालुक्यांचं अंतर थोडंसं कमी होईल, एवढंच.

माझी मागणी सरळ आहे. तीव्र मनोविकाराच्या प्रौढ रुग्णाची पहिली भरती त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात, सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात झाली पाहिजे, आणि त्याच्याजवळ त्याच्या माणसाला राहता आलं पाहिजे. जिथे बाळंतिणी येतात, अपघाताचे रुग्ण येतात, डेंग्यूचे येतात, त्याच फाटकातून हाही आत जावा. केसपेपरही त्याच खिडकीवर निघावा.

ही काही नवीन कल्पना नाही. १९३३ साली कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा विभाग सुरू केला. पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग काढला. म्हणजे महाराष्ट्रात या गोष्टीला ऐंशी वर्षांहून जास्त काळ लोटला. आणि घरच्यांना सोबत ठेवण्याबद्दल बोलायचं तर अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. १९५० च्या दशकात तिथलं सरकारी मनोरुग्णालय रुग्णांनी तुडुंब भरलेलं होतं. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांजवळ राहायला बोलावलं. माणसं तंबूत स्वयंपाक करायची, डॉक्टर त्यांच्यात बसून आजार समजावून सांगायचे. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, कारण नेणारा माणूस आधीच तिथे बसलेला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही १९५७ पासून कुटुंबासह भरतीची पद्धत ठेवली.

तंबूतल्या त्या माणसाला काय मिळत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाचव्या दिवशी रुग्ण पहिल्यांदा सलग झोपतो, ते तो बघतो. दहाव्या दिवशी चहा मागतो. पंधराव्या दिवशी विचारतो, ‘म्हशीला काय झालं रे, व्याली का?’ हॅलोपेरिडॉलने हात थरथरायला लागले तर ते औषधामुळे आहे, आजार वाढलेला नाही, हे सिस्टर समोर उभी राहून सांगते. कोणती गोळी सकाळची, कोणती रात्रीची, कोणती बंद केली तर तीन आठवड्यांत झोप उडते, हे तो शिकतो. असा माणूस घरी गेला की गोळ्या मध्येच सुटण्याची शक्यता कमी होते. माझ्या आजोबांच्या हातात दोन वर्षांनी एक पिशवी आणि एक चिठ्ठी दिली गेली. चिठ्ठी इंग्रजीत होती.

आपल्या सिव्हिलमध्ये तर यासाठी तंबूचीही गरज नाही. खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डाचं नेहमीचं चित्र आहे. वॉर्डातल्या मामा-मावश्यांना त्याची सवय आहे, गावाकडून येणाऱ्या डब्याची सवय आहे. ही जी आपोआप तयार झालेली व्यवस्था आहे, ती मोडकी आहे, गैरसोयीची आहे, तरी तिच्यात रुग्ण एकटा नसतो. मनोरुग्ण तेवढा यातून वगळलेला.

कायदा तर केव्हाच या बाजूने उभा राहिला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं अठरावं कलम सांगतं की सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळाली पाहिजे, रुग्णाला लांबचा प्रवास करावा लागता कामा नये, आणि मानसिक आरोग्याची सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या प्रत्येक पायरीत मिसळलेली असली पाहिजे. १९९६ पासून चालू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांची तरतूद आहे. दहा खाटा म्हणजे फार नाहीत. पण माझ्या मामाला एकच लागली असती, सहा आठवडे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यातला पहिला मारहाणीचा. ‘असे पेशंट इतरांच्यात कसे ठेवणार?’ ज्यांनी सरकारी पुरुष वॉर्डात एक रात्र काढली आहे ते हा प्रश्न विचारणार नाहीत. दारू अचानक सुटल्यामुळे भ्रम झालेला, भिंतीवर साप दिसणारा, सलाईन उपटून पळणारा रुग्ण तिथे दर आठवड्याला असतो. त्याला मेडिसिनचे तरुण डॉक्टर सांभाळतात, औषध देतात, तो चार दिवसांत शुद्धीवर येतो. त्याला कुणी दुसऱ्या शहरात पाठवत नाही. स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं अशा आजाराचा बहुसंख्य रुग्ण त्याच्यापेक्षा शांत असतो, घाबरलेला असतो. धोका कधीच नसतो असं मी म्हणणार नाही. मामाने एकदा आजोबांच्या हाताला चावा घेतला होता. पण वेगळी खोली, पुरेशा सिस्टर आणि ब्रदर, आणि वेळेवर इंजेक्शन, एवढ्याने निभावतं. आणि नव्या कायद्याने साखळी आणि कोंडून ठेवणं या दोन्हींना मनाई केलेली असल्यामुळे तसंही माणसांच्याच बळावर सांभाळावं लागणार आहे, मग वॉर्ड येरवड्यात असो की परभणीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डॉक्टर कुठून आणणार? देशात एक लाख माणसांमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही, प्रमाण ०.७५ च्या आसपास आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता आणि बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोक उपचारांच्या बाहेर होते. (हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपली स्वतःची मोजदाद आपण केली पाहिजे, हेही जाता जाता सांगते.) एवढ्या टंचाईत प्रत्येक जिल्ह्याला तज्ज्ञ कसा मिळेल?

गेल्या पाच-सहा वर्षांत या प्रश्नाखालची जमीन बदलली आहे आणि त्याची पुरेशी दखल कुणी घेतलेली नाही. नंदुरबार, सिंधुदुर्ग, अलिबाग, सातारा, धाराशिव, परभणी इथे एकामागून एक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, पुढे आणखी जिल्ह्यांत निघाली. जुनी सिव्हिल हॉस्पिटलंच त्यांना जोडली गेली. वैद्यकीय महाविद्यालयाला मनोविकारशास्त्राचा विभाग ठेवावाच लागतो, तपासणीच्या वेळी तो दाखवावा लागतो. म्हणजे ज्या गावात १९९४ साली आम्हाला ‘इथे डॉक्टर नाही’ असं सांगितलं गेलं, त्याच गावात आज असा विभाग असणं सरकारवर बंधनकारक आहे. आता प्रश्न उरतो तो विभाग कागदावरचा ठेवायचा की चालता करायचा, एवढाच. चालता म्हणजे रात्री दोन वाजता आलेला रुग्ण भरती करून घेणारा, लिथियम या मनोविकारावरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण तिथल्या तिथे तपासणारा, आणि ‘गोळी स्टॉकमध्ये नाही, बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी न देणारा. ही चिठ्ठी फार घातक आहे. शंभर-दोनशे रुपयांची गोळी एका महिन्यात घेतली जात नाही, पुढच्या महिन्यात आवाज परत येतात, आणि मग चौदा तासांचा प्रवास पुन्हा.

तिसरी अडचण मला खरोखर थांबायला लावते, कारण ती माझ्याच म्हणण्यावर उलटते. मी घरच्यांना जवळ आणा म्हणते आहे. पण घरचे म्हणजे कोण? लग्नानंतर आजारी पडलेल्या बाईचं घर कोणतं? सासरचे म्हणतात आम्हाला फसवलं, माहेरचे म्हणतात दिल्या घरी राहा. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि त्या कलमाचा वापर कोण कुणाविरुद्ध करतं ते गावोगावच्या वकिलांना विचारा. नवऱ्याने नुसती बाजूला सारायची म्हणून बाईला मनोरुग्णालयात ठेवणं हेही घडलेलं आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या एका महिलेच्या निमित्ताने एका मनोविकारतज्ज्ञाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा चारही मनोरुग्णालयांत अडकून पडलेल्यांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. २०१८ मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीत ३६ टक्क्यांहून जास्त रुग्ण एक वर्षापेक्षा अधिक काळ तिथे राहत असल्याचं दिसलं. आणि २०१९ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावं लागलं की बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं ताबडतोब थांबवा. हे वाचताना मला लाज वाटली. आजारातून उठलेल्या माणसाला आपण भिकारी ठरवून एका कुलपातून दुसऱ्या कुलपात नेत होतो.

अशा बाईसाठी ‘नातेवाईक जवळ’ हे उत्तर अपुरं आहे, कधी कधी धोक्याचंही आहे. कायद्याने ते ओळखलं आहे. प्रत्येक प्रौढ रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, स्वतः निवडता येतो. तो नवराच असला पाहिजे, भाऊच असला पाहिजे असं नाही. मैत्रीण चालते. बाईला तिच्या संमतीशिवाय, प्रतिनिधीच्या अर्जावर भरती केलं तर तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि अशी भरती तीस दिवसांपुढे न्यायची तर मंडळाची परवानगी लागते. एकोणिसावं कलम म्हणतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी सरकारने छोटी निवासी घरं उभी केली पाहिजेत. तरीही मला वाटतं, इथेसुद्धा जिल्ह्याचा वॉर्डच जास्त सुरक्षित आहे. गावापासून तीस किलोमीटरवरच्या वॉर्डात असलेल्या बाईला शेजारीण भेटायला येऊ शकते, बचत गटातली बाई येऊ शकते, आशाताई येऊ शकते. ‘हिला कशाला ठेवलंय, ही तर बरी आहे’ असं म्हणणारं कुणीतरी असतं. चारशे किलोमीटरवर फक्त ज्याने सही केली तोच येऊ शकतो, आणि तो येत नाही.

मोठी मनोरुग्णालयं उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती झपाट्याने रिकामी केली गेली, गावपातळीवरची सोय मात्र तेवढ्या वेगाने झाली नाही, आणि पुष्कळ आजारी माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात जाऊन पोहोचली. आपल्याकडे फुटपाथवर आधीच पुरेसे आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशा भटक्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या गावी पोहोचवते; त्या कामाला २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामापुढे मी हात जोडते. पण त्या माणसांतले कितीतरी जण आपल्या जिल्ह्यात वेळेवर एक खाट मिळाली असती तर घर सोडून निघालेच नसते, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांनी गुंतागुंतीचे रुग्ण बघावेत, न्यायालयाने पाठवलेले बघावेत, जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना शिकवावं. पहिली भरती त्यांच्याकडे नको.

मामा परत आला त्यानंतर तेवीस वर्षं जगला. मुनीमकी परत मिळाली नाही. हिशेब त्याचा शेवटपर्यंत चोख होता, पण दुकानदाराची हिंमत झाली नाही. नंतरच्या काळात सिव्हिलला महिन्यातून एकदा मनोविकारांची ओपीडी सुरू झाली. साडेआठच्या एसटीने तो एकटा जायचा, रांगेत उभा राहायचा, रिस्पेरिडोन घेऊन चारपर्यंत घरी यायचा. एकदाच, २००९ मध्ये, त्याची झोप पुन्हा उडाली. आईने तिसऱ्याच दिवशी ओळखलं, कारण आता ती रोज त्याला बघत होती. तेव्हा त्याला लांब पाठवायचं नाही असं ठरवून ती त्याच्यासोबत एका खाजगी डॉक्टरांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात राहिली. एकोणीस दिवस. खर्चापायी तिच्या बांगड्या गेल्या. एकोणीस दिवसांनी दोघं एसटीने घरी आले आणि वाटेत मामाने तिला उसाचा रस पाजला, स्वतःच्या पैशांनी.

त्या बांगड्या जायला नको होत्या. ती खाट सिव्हिलमध्ये हवी होती.

गेल्या आठवड्यात मी आमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. चार प्रश्न विचारले आहेत. मनोविकार विभागात आज प्रत्यक्ष किती खाटा चालू आहेत? गेल्या बारा महिन्यांत तिथे किती प्रौढ रुग्ण भरती झाले आणि किती जणांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं? रात्री रुग्णाजवळ त्याच्या माणसाला राहू देतात का, आणि बाईजवळ बाईला? लिथियमची तपासणी तिथे होते का? ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या जिल्ह्यात हेच चार प्रश्न विचारावेत. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवसांची मुदत आहे.